हात मायेचा, पट्टा कामाचा

लोणावळ्याशेजारच्या कुसगावात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, ते घरमालक माणूस भेटला की आधी त्याच्या खांद्याकडे बघायचे. नमस्कार वगैरे नंतर. पहिल्या दिवशी वडील टेम्पोतून माझं सामान उतरवत होते, तेव्हा हे माझ्याजवळ आले, माझ्या सॅकचा पट्टा खांद्यापाशी दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि ओढून पाहिला.

"ढिल्ला हाय," ते म्हणाले.

वडील घाबरले. त्यांना वाटलं, खोली हातची गेली.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे खोली कशी बघतात, घरमालकाशी काय बोलतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. तळेगावात माझा नंबर लागला नव्हता, लोणावळ्यात लागला. आमच्या गावाहून, नवलाख उंबऱ्याहून, रोज येऊन-जाऊन करणं जमणार नव्हतं. वडील हात जोडून उभे राहिले. भाऊंनी (त्यांना सगळा गाव भाऊच म्हणायचा) एकच प्रश्न विचारला.

"पोरीला इंग्लिश वाचता येतं का?"

"येतं की," वडील म्हणाले. "बारावीला व्हतं."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर येत नव्हतं. पण वडिलांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की मला खरं बोलायचा धीर झाला नाही.

इंग्रजी कशाला हवं होतं, ते संध्याकाळी कळलं. त्यांनी मला खाली बोलावलं. लोकांच्या घरात जिथे टीव्ही असतो, तिथे यांच्याकडे भिंतीला लागून चार छोट्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. जाड गाद्या, पट्टे, मधे लाल बटण. मी तसलं काही आधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "भाऊ, तुमचं केस कापायचं दुकान आहे का?"

आतून मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी, इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं भांडं पडलं.

त्या गाडीत लहान मुलांना बसवायच्या सीटा होत्या. भाऊंनी तळेगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं काम केलं होतं. तिथे गाड्यांचे पट्टे बनत. भाऊ तपासणीच्या टेबलावर. बकल लावायचं, ओढायचं, सोडायचं, पुन्हा लावायचं. निवृत्त झाल्यावर कुणा बंगलेवाल्यांनी परदेशी जाताना एक सीट यांना देऊन टाकली, आणि तिच्यापासून हे वेड सुरू झालं. पुढे तीन आणखी आल्या. ज्याच्या घरी तान्हं बाळ आहे आणि गाडीने लांब जायचं आहे, त्याने भाऊंकडे यावं, सीट न्यावी, परत आणून द्यावी. भाडं काही नाही. पण परीक्षा द्यावी लागायची.

त्या परीक्षेबद्दल सांगते, पण आधी त्या इंग्रजीचं सांगायला हवं. सीटेबरोबर एक जाडजूड पुस्तिका आली होती आणि ती सगळी इंग्रजीत. भाऊंना ती मराठीत हवी होती. रोज संध्याकाळी दोन पानं. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. 'हार्नेस' शब्दाला डिक्शनरीने 'घोड्याचा साज' असा अर्थ दिला. मला रडायला आलं, पण भाऊ खूश झाले. म्हणाले, "बरूबर हाय की! लिही, लिही. घोडं उधळल्यावर बिनसाजाचं काय धरनार?" एका पानावर लिहिलं होतं की अधिक माहितीसाठी आपल्या गाडीचं पुस्तक पाहावं. भाऊ रागावले. "म्हंजे ह्यांनी सांगायचं टाळलं."

तिसऱ्या आठवड्यात मी न राहवून कबूल केलं, की मला इंग्रजी येत नाही, मी शब्दाला शब्द शोधतेय फक्त.

"मला ठावं हाय," ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "येत असतं तर भराभर वाचून मोकळी झाली असतीस. तुला येत न्हाई म्हनून तू एक शब्द सोडत न्हाईस."

कॉलेजच्या तीन वर्षांत माझ्या अभ्यासाबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नाही.

तर परीक्षा. अंगणात त्यांची एक हातगाडी होती. तिच्या एका टोकाला त्यांनी पाट ठोकून बसायची जागा केली होती आणि कारखान्यातला एक खराखुरा पट्टा बोल्टने घट्ट बसवला होता. मावशींनी जुन्या चादरीची एक बाहुली शिवली होती. आत सहा किलो तांदूळ, डोक्याला कुंची. सीट न्यायला बहुतेक वेळा बाळाचे आई-वडील यायचे आणि बरोबर आजी यायची. आजी म्हणायचीच, "ह्ये कशाला? मी मांडीवर घट्ट धरून बसते की."

"बसा मग," भाऊ म्हणायचे.

आजीला हातगाडीवर बसवायचं. आजीला पट्टा लावायचा. बाहुली आजीच्या मांडीवर द्यायची. "धरा घट्ट." मग भाऊ मागून हातगाडी ढकलत जरासे पळायचे आणि अंगणाच्या टोकाला जो दगड होता, त्यावर ती नेऊन थडकवायचे. आजी पट्ट्यामुळे जागच्या जागी. बाहुली मात्र हातातून सुटून पेरूच्या झाडाखाली.

"पळत व्हतो मी फकस्त," भाऊ धापा टाकत म्हणायचे. "गाडी माझ्यापरीस लय जोरात पळती."

एका आजींनी फार वाद घातला. पाच पोरं वाढवली, एक पडलं नाही, असं म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "पाच पोरं वाढवली तवा गाडी कुटं व्हती तुमच्याकडं? बैलगाडी व्हती. बैल काय ब्रेक मारत्यात का?" आजींनी तीनदा बाहुली धरून बघितली आणि तीनही वेळा ती सुटली. तिसऱ्यांदा त्या रडायलाच लागल्या. तांदळाच्या बाहुलीसाठी! उठून गेल्या, तिला उचललं, कुंची सरळ केली, धूळ झटकली. भाऊंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "आजी, तुमचा हात मायेचा. ह्यो पट्टा कामाचा. दोनी पायजेत, पन गाडीत ह्यो."

आजी पास झाल्यावर आई-बापाची पाळी. तीन वेळा बाहुली सीटेत बसवून, बांधून, सोडून दाखवायची. बाप लोक हमखास नापास व्हायचे, कारण ते घाईत असायचे. आपल्याकडची बाळं थंडीत गोधडीत गुंडाळलेली असतात, आणि बाप गोधडीसकट बाळ सीटेत ठेवून वरून पट्टा आवळायचा. भाऊ शांतपणे बाहुलीचे पाय धरायचे आणि खाली ओढायचे. बाहुली सुळकन बाहेर. पट्टा बंदच्या बंद, आत नुसती गोधडी.

"गोधडीला नेताय का गावाला?" ते विचारायचे. "आदी पोर, मग पट्टा, मग गोधडी."

शेवटी चिमटा. पट्टा बाळाच्या खांद्यापाशी दोन बोटांत धरून बघायचा. चिमटीत आला, तर ढिला. बोटं घसरून रिकामी आली, तर पास. ही सवय त्यांच्या बोटांना इतकी लागली होती, की ते दुकानात उभे असले तरी पुढच्या माणसाच्या पिशवीचा बंद चिमटीत धरून बघत. मावशी त्यांच्याबरोबर बाजारात जायला लाजत.

शनिवार-रविवारी लोणावळ्यात जुन्या हायवेवर गाड्या तुंबतात. त्या गर्दीत भाऊ सीट डोक्यावर घेऊन चालत जायचे. कुणाला तरी पोचवायची असायची, पण खरं तर ती फेरी बघायला असायची. प्रत्येक गाडीत डोकावून, बाळ कुठे आहे, हे बघत जायचे. लोकांना वाटे हा विकायला आलाय. काचा खाली व्हायच्या. "काका, केवढ्याला दिली?"

"इकायची न्हाई. तुमच्याकडं हाय का, ह्ये बघायला आलोय."

एकदा मी त्यांच्याबरोबर होते. एका गाडीत पुढच्या सीटवर एक बाई, मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ, बाळाच्या हातात चिक्कीचा तुकडा. भाऊंनी काचेवर टकटक केलं आणि सांगितलं की ताई, पुढं नका घेऊ, मागं बसा निदान. गाडी चालवणारा तरुण वैतागला. "काका, तुम्ही आधी तुमचं हेल्मेट घाला."

"ह्ये काय डोक्यावर," भाऊ सीटकडे बोट दाखवून म्हणाले.

बाई हसली. ट्रॅफिक हललं नव्हतंच. ती उतरली आणि बाळ घेऊन मागे जाऊन बसली. तेवढ्याने फार काही झालं नाही, हे भाऊंनाही कळत होतं. म्हणाले, "धा आने काम झालं. बाकी सा आने त्यांच्या घरच्यांनी करावं."

मावशींचं आणि त्यांचं भांडण मात्र एकदाच झालेलं मी पाहिलं. एका बंगल्याच्या रखवालदाराने एक सीट आणून दिली. दिसायला कोरी करकरीत. निळी मखमल. भाऊंनी विचारलं, मालकाने का टाकली? रखवालदार म्हणाला, गाडीला अपघात झाला, गाडीच बदलली, म्हणून. भाऊ उठले आणि कोयता घेऊन आले. मावशी ओरडत आल्या तोवर त्यांनी सगळे पट्टे कापले होते.

"अवो, नवी हाय! कुठं खरचटलंय का बघा तरी!"

"दिसत न्हाई म्हनून तर तोडतोय. धक्का एकदा खाल्ला की आतून काय झालंय ते देवाला ठावं. भंगारात टाकली तर कुनीतरी उचलनार आन् लेकराला बसवनार."

मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या सांगाड्यात माती भरून पुदिना लावला. तो पुदिना उत्तम आला.

गावात सगळे धरून चालायचे, की या माणसाच्या घरी काहीतरी घडलं असणार. नात गेली असेल, भाचा गेला असेल. कुणी म्हणायचं मुलगा गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे पुष्कळांना माहीत नव्हतं. मलाही तसंच वाटायचं. विचारायला मला वर्ष लागलं. पुस्तिकेचं शेवटचं पान लिहून झालं, त्या संध्याकाळी मी चाचरत विचारलं, "भाऊ, तुमच्या नात्यात... कुणाला काही झालं होतं का? म्हणजे, गाडीत?"

त्यांनी विचार केला. खरंच आठवून पाहिलं, असं वाटलं.

"न्हाई."

"मग?"

"मग काय?" आणि ते रागावले. माझ्यावर पहिल्यांदाच. "कुनाचं तरी काय व्हायलाच पायजे का? म्हंजे मग मानसानं शानं व्हायचं? बावीस वर्सं बकलं वढली मी. माझ्या टेबलावरनं गेलेलं एक बी बकल कुटं सुटल्याचं मला कुनी सांगितलं न्हाई. काय झालं न्हाई म्हनून कुनी इचारायला आलं न्हाई. त्येच तर काम व्हतं माझं! काय हुऊ द्यायचं न्हाई!"

मग पुस्तिका मिटून, "चहा घेतीस का?" म्हणाले.

त्याच वर्षी माझ्या ताईला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडे, नवलाख उंबऱ्याला. बाळ चार महिन्यांचं झालं आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना ताई आत्या म्हणते आणि म्हणून आम्हीही आत्याच म्हणतो, तिला न्यायला येणार असा निरोप आला. सासर पवन मावळात. कामशेतहून आत वळायचं, मग खिंड, मग गाव. दाजी मित्राची व्हॅन घेऊन येणार होते. बाळाचा पहिला प्रवास. आणि बाळ कुणाच्या मांडीवर बसणार, हे अर्थातच आधीपासून ठरलेलं होतं. नातीला पहिल्यांदा घरी नेण्याचा मान आजीचा.

मला झोप लागेना. वर्षभर मी त्या हातगाडीवरून बाहुली उडताना पाहिलेली. ती बाहुली आता कुंची घातलेली आमची भाची दिसायला लागली.

मी भाऊंना म्हटलं, "तुम्ही चला ना माझ्याबरोबर. मला घरात मोठ्यांपुढं बोलता येत नाही."

"मी परका. मी बोललो तर भांडान हुतंय. तू बोललीस तर हट्ट. घरात हट्ट चालतो." मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. मी वर्षभर दुसऱ्यांना सांगत होते, आणि स्वतः दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा त्यांची चिमूट रिकामी आली आणि ते म्हणाले, "जा."

सीट मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, "बाळ कुठंय?"

"घरी आहे."

"मग ह्याला कशाला फिरवतीस?" सगळी बस हसली. मी पण हसले.

घरी ओटी भरायची तयारी चालली होती. दाजींनी व्हॅन अंगणात लावली होती. मी कुणाला न सांगता मधल्या सीटवर, दाराच्या बाजूला, ती सीट बसवून टाकली. गाडीचा पट्टा ओढून, गुडघा टेकून, भाऊ करायचे तशी. चार महिन्यांच्या बाळाची सीट उलटी बसवायची असते, बाळाची पाठ पुढे आणि तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. भाऊ सांगायचे, लेकराचं डोकं जड आणि मान कोवळी. गाडी थांबली की डोकं पुढे पळतं. उलटं बसवलं की सीटची पाठीमागची टोपलीच अख्खं अंग झेलते.

आत्या गाडीपाशी आल्या आणि थबकल्या.

"ह्ये काय बसवलंय?"

मी सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला.

"बांधून न्यायचं पोरीला? चोर हाय का ती? आन् ह्ये असं पाठमोरं? पैल्यांदा घरी चाललेलं लेकरू पाठमोरं नेत्यात व्हय गं? आमच्या घराकडं पाठ करून?"

आई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. वडील जमिनीकडे. ताई दारात उभी, बाळ खांद्यावर. सासूपुढे ती काही बोलू शकणार नव्हती, पहिल्याच खेपेला तर नाहीच. पण तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ती सीट हवी आहे. आता मी गप्प बसले, तर बाळ मांडीवर जाणार होतं.

"आत्या," मी म्हटलं, "ती आजोळाकडं बघत बघत जाईल."

"त्येच म्हनते मी! आन् आमच्याकडं पाठ!"

भाऊंनी या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. पुस्तिकेतही नव्हतं. मी व्हॅनचं दार पूर्ण सरकवलं आणि सीटशेजारच्या जागेवर हात ठेवला.

"तुम्ही इथं बसा. एकदा बसून बघा, आत्या."

त्या कुरकुरत चढल्या. मी त्या उलट्या सीटपाशी वाकले आणि जिथे बाळाचं तोंड येईल, तिथे माझं तोंड आणलं. "बघा. उलटी बसली म्हणून तिला ड्रायव्हर दिसत नाही, रस्ता दिसत नाही. मान वळवली की तुम्ही दिसता. घर तर ती पोचल्यावरच बघेल. वाटभर घर म्हणजे तुम्हीच."

आत्यांनी त्या रिकाम्या सीटच्या गादीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "लय शिकलीस गं." रागाने म्हणाल्या की कौतुकाने, ते अजूनही मला ठरवता आलेलं नाही. "आना तिला. पन माझी गोधडी घालायची. तीन म्हैने शिवलीय."

"घालू ना. पट्ट्याच्या वरनं."

"वरनं तर वरनं!"

ताई पुढे दाजींच्या शेजारी, मी आणि आत्या मधे, मागे पाळणा, बोचकी आणि शिदोरी. वडगाव यायच्या आत बाळ रडायला लागलं. आत्यांचा हात पट्टा सोडायच्या लाल बटणावर गेला. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या आयुष्यात मी मोठ्या माणसाचा हात असा कधी धरला नव्हता.

"थांबू या, आत्या. दाजी, गाडी बाजूला घ्या. थांबल्यावर काढू."

"घरी बाया ओवाळायला थांबल्यात!" दाजी म्हणाले. पण थांबले. ताईने बाळाला पाजलं, मी पुन्हा बांधलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा रडं. पुन्हा थांबलो. ताईच्या सासऱ्यांचा फोन, "गाडी हाय का बैल?" तिसऱ्या थांब्याला मी बांधायला पुढे झाले, तर आत्यांनी मला कोपराने सारलं. "व्हय बाजूला. तुजं लय हळू." आणि त्यांनी स्वतः बांधलं. दोन्ही खांदे, मग बकल, मग पट्टा आवळला, मग गोधडी. बाळ झोपलं.

कामशेतच्या वळणावर गर्दी होती आणि तिथे, रणरणत्या उन्हात, भाऊ उभे होते.

मी त्यांना वेळ सांगितली होती, रस्ता सांगितला होता, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. आमच्या थांब्यांमुळे ते दोन तास तिथे उभे असणार. व्हॅन हळू झाली, तसे ते खिडकीपाशी आले आणि डोकावले. आत्या म्हणाल्या, "काय पायजे वो?"

"लेकरू बघतो जरा."

"दिष्ट लावता का?"

"कुनी बांधलं?"

"मी बांधलं. का? तुमी कोन इचारनार?"

भाऊंचा हात खिडकीतून आत आला, दोन बोटं पुढे. आत्यांनी चापट मारली. "झोपलंय! हात लावला तर बघा!"

भाऊंनी हात मागे घेतला. मी घाईने सांगितलं की हे आमचे घरमालक, सीट यांचीच. आत्यांचा सूर एकदम बदलला. "आगं मग बसवायचं की गाडीत! उनात उभं केलंस मानसाला. या भाऊ, मागं सामानाशेजारी बसा."

भाऊंनी मागे वाकून बघितलं. "तितं पट्टा न्हाई."

"दोन कोसाचं तर हाय!"

"मी काय पोतं हाय का सामानात टाकायला? व्हा पुढं. येतो मी जीपनं. पुढच्या शिटवर पट्टा असल तर."

आम्ही पोचलो, बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, बाळ घरात गेलं. तासाभराने भाऊ आले, घामाने भिजलेले. त्यांना ओटीवर सतरंजीवर बसवलं. आत्या बाळ घेऊन बाहेर आल्या.

"हितं बी बांधायचं का, भाऊ?" त्यांनी टोमणा मारला.

"न्हाई न्हाई," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "हितं मांडीच."

"मग घ्या," असं म्हणून त्यांनी बाळ थेट भाऊंच्या मांडीवर ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या घरी इतकी बाळं आली, पण मी भाऊंना कधी बाळ घेतलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा हात पट्ट्यांना लागायचा, बकलांना लागायचा. बाळाला नाही. ते भिंतीला पाठ लावून ताठ बसले, दोन्ही हातांचं कडं करून, जणू कुणी मागून ढकलणार आहे. बाळाने त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं. मग हळूहळू तेही सुटलं, आणि बाळ तिथेच झोपलं.

चहा आला, निवला. आत्या म्हणाल्या, "पाय मोकळा करा की, भाऊ. मुंग्या येतील." भाऊंनी नुसतं डोळ्यांनी, हळू बोला, असं सांगितलं.

ऊन कलायला लागलं. कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. दाजी अंगणातून म्हणाले, "भाऊ, कामशेतला जायला शेवटची हाय बरं का ही."

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. बाळाने झोपेतच तोंड हलवलं. भाऊंनी दाजींकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"जाऊ द्या तिला," ते म्हणाले.